फलकावरील निःशब्द आजी उतरविण्याबाबत

प्रति,
मा. फलक परवाना अधिकारी,
जाहिरात व फलक कक्ष, नगर कार्यालय,
दुसरा मजला, पाण्याच्या बंद यंत्रासमोर.

विषय : मुख्य चौकातील ‘अभयांक’ कार सीटच्या फलकावरील जोडलेले हात अर्जदाराचे असून त्यांचा भलताच अर्थ लावला गेल्याबाबत, तसेच सदर फलकावरील मजकूर आता खोटा झाल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज (पेन्सिलीने लिहिलेला). २) त्यावर आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर (छापील).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळविते की, मागील अर्जात तिने ‘मी’ असे लिहिले होते व त्यावर आपल्या कार्यालयाने ‘मी म्हणजे कोण, याचा खुलासा करावा’ असा शेरा मारला होता. प्रश्न मोठा आहे. थोर थोर साधकांची आयुष्ये त्यात गेली. अर्जदाराची तेवढी तयारी नसल्याने या अर्जात तिने स्वतःला सर्वत्र ‘अर्जदार’ असेच म्हटले आहे, म्हणजे फाइल पुन्हा तेथे अडायला नको.

१. अर्जदार ही एका मुलाची आई, एका सुनेची सासू व एका नातवाची आजी आहे. नातू लहान आहे, जागा असेतो गुणगुणत असतो, म्हणून घरात त्याला भुंगा म्हणतात. अर्जदार रोजचे काही नेम पाळते. पहाटे नामस्मरण, एक वेळ जेवण, कोणाविषयी वाईट न बोलणे, आणि उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. तिचा मुलगा भुंग्याएवढा असताना मोठ्या तापातून उठला, तेव्हा हे मौन घेतले. त्यानंतर ते एकदाही मोडले नव्हते. दूध उतू गेले तरी मोडले नाही. एकदा परसदारी चोर आला, तेव्हा अर्जदाराने पातेले बडवले, पण तोंड उघडले नाही. अर्जदाराचे यजमान या मौनास ‘आमच्या संसाराचा पाया’ म्हणतात आणि पाहुण्यांना सांगतात, की देवाने माझं ऐकलं, पण अर्ध्या दिवसापुरतंच. कोणाविषयी वाईट न बोलण्याचा नेम या अर्जात सांभाळण्याचा अर्जदाराने प्रयत्न केला आहे. कोठे सुटला असल्यास ती निव्वळ वस्तुस्थिती समजावी.

२. घरात गाडी आली तेव्हा भुंग्यासाठी कार सीट घेण्याचे ठरले. अर्जदाराच्या सूनबाई हुशार व काळजीच्या आहेत. त्यांनी आधी बरेच दिवस फोनवरील आयांच्या गटात चौकशी केली. त्या गटात सीट कशी लावायची हे कोणी कोणाला विचारत नाही, कोणती घेतली एवढेच विचारतात. एका आईने सूनबाईंना लिहिले, ‘अभयांक नाही बघितलीस? अगं, मुलाच्या जिवापुढे काय बघायचं!’ या एका वाक्याने निम्मी खरेदी तेथेच झाली. उरलेली निम्मी चौकातल्या फलकावरील नटीने केली. ती नटी तेव्हा त्या फलकावर बाळाला पोटाशी धरून उभी होती. ते बाळ तिचे नव्हते हे सूनबाईंनाही माहीत होते. तरी त्या म्हणाल्या, ‘तिच्या डोळ्यांत बघा ना आई, खोटं वाटतं का?’ अर्जदार डोळ्यांत बघण्याचा प्रयत्न करू लागली, तोवर सिग्नल सुटला.

३. एके सकाळी सर्व जण दुकानात गेले. सकाळ असल्याने अर्जदार मौनात होती. दुकानात टाय लावलेला एक विक्रेता होता (यापुढे ‘टायवाला’). त्याने अभयांक दाखवली. विमानाच्या खुर्चीतला फोम, सशाच्या अंगासारखे कापड, पेला ठेवायला जागा, वर पाळण्यातल्यासारखे दोन तारे. शेजारी एक राखाडी सीट होती, निमूट, कोपऱ्यात ठेवलेल्या बादलीसारखी. तिच्याकडे बोट करून मुलाने विचारले, ‘हिच्यात आणि तिच्यात फरक काय?’ टायवाला हळू आवाजात म्हणाला, ‘साहेब, तीसुद्धा चालते. लोक नेतात. फक्त तुम्हाला झोप लागेल का, एवढंच बघा.’ राखाडी सीटविषयी त्याने एकही वाईट शब्द काढला नाही. कोणाविषयी वाईट न बोलता त्याला जागेवर कसे संपवावे, हे अर्जदाराला इतक्या वर्षांच्या नेमात साधले नव्हते. ते तिने त्या दिवशी पाहिले.

४. अभयांक म्हणजे जेथे भय नाही अशी मांडी, असे टायवाल्याने सांगितले. अर्जदाराच्या समजुतीप्रमाणे तशी मांडी एकाकडेच आहे आणि त्याने अद्याप कोठे दुकान काढलेले नाही. तरीही अर्जदाराने कापडावरून हात फिरवला आणि तिलाही बरे वाटले, हे ती नाकारत नाही. मात्र टेबलावरची ती सीट हात लागताच डुलली. तेव्हा अर्जदाराला विचारायचे होते, ‘बाबा रे, ही गाडीला बांधायची कशी?’ बोलता येत नसल्याने तिने दोन मुठी एकमेकींभोवती फिरवून गाठ मारल्याची खूण केली. टायवाल्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, ‘बघा! आजी म्हणतायत, ऋणानुबंधाची गाठ बसली!’ अर्जदाराने जोरात मान हलवली. टायवाला म्हणाला, ‘आजींना विश्वासच बसत नाहीये.’ मग तो कंपनीचा इतिहास सांगू लागला. कंपनीच्या संस्थापकांना स्वप्न पडले इथपर्यंत तो आला, तेव्हा अर्जदाराने ‘पुरे कर रे बाबा’ या अर्थाने हात जोडले. तेवढ्यात प्रकाश चमकला. टायवाल्याने छायाचित्र काढले होते. छायाचित्र वापरण्यास परवानगी दिल्यास खिडकीला लावायचा उन्हाचा पडदा मोफत होता, म्हणून मुलाने सही केली. अर्जदाराचा चेहरा त्या पडद्याच्या बदल्यात गेला. पडदा चांगला आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

५. पुढच्या महिन्यात नटी उतरली आणि तिच्या जागी अर्जदार चढली. फलकावर अर्जदार हात जोडून, डोळे अर्धे मिटून उभी आहे, समोर सीट आहे, आणि मजकूर असा आहे : ‘आजीही निःशब्द! अभयांक. एकदा बसवा, मग विसरा!’ यजमान हे पाहून आले आणि म्हणाले, ‘डोक्यापासून पायापर्यंत तीन मजली झालीयस. आता घरातलं दळण कोण टाकणार?’ अर्जदाराने त्या वेळी हे मनावर घेतले नाही. अपमान सोसण्याचाही तिचा एक छोटा नेम आहे. परंतु या फलकाचे पुढे जे झाले ते नेमात बसणारे नव्हते.

६. अर्जदाराच्या गल्लीत तिला लोक मान देतात. कशासाठी, हे तिला नीट कळलेले नाही. बहुधा सकाळी ती बोलत नाही म्हणून असावे. न बोलणाऱ्याकडे लोक आपल्याला हवे ते शहाणपण जमा करून ठेवतात. फलक लागल्यावर ‘काकूंनी हात जोडले म्हणजे बघायलाच नको’ असे सुरू झाले. लोक अभयांक घेऊ लागले, आणि घेतल्यावर गाडी अर्जदाराच्या फाटकाशी थांबवून म्हणू लागले, ‘काकू, नुसता हात लावा.’ अर्जदार हात लावी, सीट हलवून पाही, ती हले, आणि अर्जदार मुठींनी पुन्हा गाठीची खूण करी. लोक तो आशीर्वाद समजून डोके लववीत. एका वडिलांनी त्या खुणेचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिले, ‘बंध मायेचा’. लोक नंतर दुपारी भेटत, तेव्हा अर्जदार तोंडाने सांगत असे, की अहो, ती गाडीला बांधा. ते म्हणत, ‘काकू, तुमचा साधेपणाच मोठा!’ अशा रीतीने अर्जदार सकाळी खुणेने व दुपारी शब्दाने तीच गोष्ट सांगत होती आणि दोन्ही वेळा तिचे कौतुक होत होते. ज्याचे कौतुक होते त्याचे कोणी ऐकत नाही, ही बाब देवाच्याही अनुभवाची असावी.

७. आता मूळ मुद्दा. फलकावरील ‘बसवा’ हा शब्द पाहावा. कंपनीच्या मनात सीट गाडीत बसवा, म्हणजे पट्ट्याने पक्की करा, असे असेल. अर्जदाराच्या मुलाने ते बाळाला बसवा असे वाचले. त्याने सीट गाडीत नुसती ठेवली, तीत भुंग्याला बसवले, भुंग्याचे छोटे पट्टे कटकट लावले आणि मग, लिहिल्याप्रमाणे, विसरला. भुंगा सीटला बांधलेला होता. सीट कशालाच बांधलेली नव्हती. गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागून ओढून घ्यायचा असतो, तो शेजारी गुंडाळून स्वस्थ पडला होता. माहितीपुस्तिका सीटच्या बुडाशी पाकिटात होती, परंतु पाकीट फाडले तर सीट जुनी दिसेल म्हणून ती तशीच होती. ही चूक एकट्या मुलाची नाही. फाटकाशी आलेल्या जवळजवळ सगळ्या सीटा अशाच नुसत्या बसलेल्या होत्या. मराठी ‘बसणे’ फार आळशी क्रियापद आहे. त्याच्या भरवशावर मुले सोडू नयेत.

८. एके सकाळी मुलगा, सूनबाई, अर्जदार आणि भुंगा गाडीतून जात असता आडवे कुत्रे आले व मुलाने गाडी वळवली. अभयांक भुंग्यासकट आडवी होऊन अर्जदाराच्या मांडीवर आली. कोणाला काही लागले नाही. भुंगा उलटा लटकून तसाच गुणगुणत होता. त्या वेळी सीटचे बूड वर आले व अर्जदाराच्या नाकासमोर तपासणीत पास झाल्याची छोटी चिकटवलेली पट्टी दिसली. अगदी तशीच पट्टी दुकानातल्या त्या राखाडी सीटच्या पाठीवरही अर्जदाराने पाहिली होती. दोघी एकाच परीक्षेस बसून पास झालेल्या होत्या. मोठ्यांचे बूड उलटल्याशिवाय दिसत नाही, हे अर्जदार कोणाविषयी वाईट म्हणून लिहीत नाही. मुलाने गाडी थांबवली, भुंग्याला कवटाळले आणि काय म्हणावे? ‘बघितलंस आई? एक ओरखडा नाही! म्हणून म्हणतो, नावाजलेलीच घ्यावी.’ सूनबाईंचे ओठ पांढरे पडले होते. त्या म्हणाल्या, ‘साधी असती तर काय झालं असतं, विचारही करवत नाही.’ आणि दोघांनी ती पुन्हा बसवली. आणि पुन्हा विसरले.

९. दुपारचे बारा वाजताच अर्जदाराने मुलाला पुन्हा स्पष्ट सांगितले, की अरे, ती गाडीला बांधलेली नाही. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘आई, ती बांधायची नसते. बसवायची असते. एवढी मोठी कंपनी आहे, तिचं नाव आहे.’ अर्जदार म्हणाली, की नाव मीसुद्धा घेते, रोज पहाटे घेते, पण नाव घेऊन झाल्यावर दाराला कडी घालतेच ना? यावर मुलगा जे बोलला त्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. तो म्हणाला, ‘तू तिथे चौकात तीन मजली हात जोडून उभी आहेस आणि घरात शंका काढतेस? सगळे तुझ्या भरवशावर सीट घेतायत. लोक काय म्हणतील?’ अर्जदाराने यजमानांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘मी काय बोलू? बोर्डावरची तू तुझ्यापेक्षा मोठी आहेस. आणि ती भांडत नाही.’ महोदय, अर्जदाराच्या घरात अर्जदाराचे म्हणणे चालत नाही, कारण चौकात अर्जदार उभी आहे. तिच्या विरुद्ध तीच साक्षीदार आहे.

१०. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची (सर्व जण त्यांना मास्तरीण म्हणतात, कपडे नीट न शिवता आल्यास त्या गिऱ्हाइकाच्याच अंगाला दोष देतात) सीट तीच राखाडी आहे. त्यांची मुलगी तीत सुखरूप बसते व सीट तसूभर हलत नाही. अर्जदाराने दुपारी त्यांना कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘मला काय कळतंय हो काकू! ही सीट कोणी ओळखतसुद्धा नाही, म्हणून मला धास्ती. रोज सकाळी गुडघा देते आणि पट्टा आवळते. नावाजलेली असती, तर मीही तुमच्या मुलासारखी विसरले असते.’ अर्जदाराने हे ऐकून बराच विचार केला. तिच्या मते हा विषय श्रद्धेचा नसून नेमाचा आहे. ज्यांचा सीटवर विश्वास आहे ते हात जोडतात, ज्यांचा नाही ते पट्टा ओढतात. आणि रस्त्यावरील कुत्रे दोघांनाही सारखेच आडवे येते.

११. यास्तव अर्जदार आपल्या कार्यालयात फलक उतरवा असे सांगण्यास आली. तक्रार खिडकी सकाळी दहा ते बारा उघडी असते. अर्जदाराचे मौन बाराला सुटते. अर्जदाराने खिडकीशी उभे राहून प्रथम हात जोडले, मग हात हलवून ‘हे नव्हे’ असे दाखवले, मग चौकाकडे बोट केले, मग मुठींनी गाठ मारली. लिपिकांनी सहानुभूतीने ‘बसा हं आजी, बसा’ असे म्हटले (हाच शब्द!) आणि तिला पलीकडच्या खिडकीवर पाठवले. तेथून अर्जदार मुक्या नागरिकांसाठीच्या प्रवास सवलतीचा पास घेऊन बाहेर पडली. बारा वाजताच परत येऊन तिने तो देऊ केला, तेव्हा खिडकी बंद झाली होती. पास सोबत जोडला आहे. तो वापरलेला नाही. यजमानांनी मागितला होता, दिला नाही.

१२. म्हणून अर्जदाराने घरी बसून संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला. त्यावर संदर्भ क्र. २ चे उत्तर आले, ते येथे जसेच्या तसे उतरविते : ‘छायाचित्र घेतेवेळी आपण मौनात होता हे आपणच मान्य केले आहे. सबब आपण निःशब्द होता हे फलकावरील विधान वस्तुस्थितीस धरून असून फलक काढण्याचे कारण दिसत नाही. अर्जदार बोलू लागल्यास कार्यालयास तसे कळवावे.’ अर्जदाराने हे उत्तर यजमानांना वाचून दाखवले. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. शांत झाल्यावर ते म्हणाले, ‘तो साहेब मोठा पोचलेला आहे. त्याच्या पाया पड.’ अर्जदार आपल्या पाया पडत नाही, पण आपल्या उत्तरातील शेवटचे वाक्य तिने लक्षात ठेवले.

१३. गेल्या शनिवारी मुलगा, सूनबाई व भुंगा सूनबाईंच्या माहेरी जाण्यास निघाले. प्रवास दूरचा, मोठ्या रस्त्याने, जेथे जड वाहने मागून चाल करून येतात. सामान भरून झाले. भुंगा अभयांकमध्ये बसला होता आणि अभयांक नुसती बसली होती. अर्जदार गाडीपुढे उभी राहिली व मुठी फिरवू लागली. मुलगा काच खाली करून म्हणाला, ‘हो गं आई, पोचला आशीर्वाद.’ अर्जदाराने बॉनेटवर थाप मारली. सूनबाई हसून म्हणाल्या, ‘आई, ऊन चढायच्या आत निघू दे ना.’ इंजिन सुरू झाले. गाडी हाताच्या अंतराने पुढे सरकली आणि तेवढ्या झटक्याने मागे ती सीट एकदा डुलली. अर्जदाराला ते काचेतून दिसले.

१४. आणि अर्जदार बोलली. ‘बांधा!’ पहिला शब्द बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या नळासारखा खोकत बाहेर आला. दुसऱ्या वेळी चांगला आला. ‘नुसतं बसवू नका रे, बांधा!’ यजमानांच्या हातून पाण्याची बाटली पडली. मास्तरीण गळ्यात टेप घेऊन धावत आल्या. त्यांना वाटले, घरात कोणी गेले. इंजिन बंद झाले. मुलगा खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. तो इतकेच म्हणाला, ‘आई, तू बोललीस?’ ते मौन कोणासाठी होते हे त्याला माहीत आहे. लहानपणापासून सकाळी प्रत्येक हट्टाला त्याला खुणेनेच उत्तर मिळाले आहे, आणि का, ते त्याला त्याच्या वडिलांनी सांगितले आहे. तो फाटकाच्या पायरीवर बसला. अर्जदार म्हणाली, की तुझ्यासाठी धरलं होतं, त्याच्यासाठी सोडलं, हिशोब माझा आणि देवाचा, तू ऊठ आणि ते पाकीट फाड.

१५. पाकीट सूनबाईंनी दाताने फाडले. त्यात बाण काढलेली चित्रे होती. मास्तरीणबाईंनी एका बोटाने अभयांक ढकलली, ती दारापर्यंत सरकत गेली. सूनबाईंनी ते पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. मग त्यांनीच आत चढून गुडघा दिला, मुलाने गाडीचा पट्टा चित्रात होता त्या वाटेने ओवून ओढला, यजमान बाहेरून ‘अजून! अजून!’ असे म्हणत राहिले, जणू बैल ओढायचा होता. नंतर मुलाने सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली, तेव्हा गाडी हलली, सीट हलली नाही. भुंगा टाळ्या वाजवत होता. आता नमूद करण्यास संकोच वाटतो, पण अर्जदार त्यानंतर थांबली नाही. इतक्या वर्षांच्या सकाळी साचल्या होत्या. तिने यजमानांना ओल्या टॉवेलविषयी, मुलाला वेगाविषयी, मास्तरीणबाईंना एका ब्लाउजच्या बाहीविषयी सांगितले. अर्धी गल्ली जमली. ज्यांनी सीटला हात लावून घेतला होता ते आपापल्या गाड्या घेऊन आले. त्या सकाळी अर्जदाराच्या फाटकाशी बऱ्याच अभयांक बांधल्या गेल्या. सीट वाईट नाही, महोदय. बांधली की ती राखाडी सीटइतकीच चांगली आहे.

१६. मुलगा, सूनबाई व भुंगा सुखरूप पोचले आणि सुखरूप परत आले. वाटेत काहीही झाले नाही. चांगल्या नेमाची हीच खूण असते. काहीही होत नाही, आणि म्हणून त्याची जाहिरात करता येत नाही.

सबब, आपल्या उत्तरातील अखेरच्या वाक्यास अनुसरून अर्जदार याद्वारे रीतसर कळविते की, अर्जदार बोलू लागली आहे. गेल्या शनिवारी सकाळी, बारा वाजण्यापूर्वी, अनेक साक्षीदारांसमक्ष ती बोलली व ज्या सीटविषयी ती निःशब्द असल्याचे फलकावर लिहिले आहे त्याच सीटविषयी बोलली. त्यामुळे ‘आजीही निःशब्द’ हे विधान आपल्याच कार्यालयाच्या न्यायाने असत्य ठरते. फलक तत्काळ उतरविण्याचा आदेश व्हावा, ही नम्र विनंती. अर्जदाराच्या गल्लीत प्रश्न सुटला असला, तरी चौक गल्लीपेक्षा मोठा आहे. त्या जोडलेल्या हातांखालून रोज किती गाड्या जातात आणि त्यांत किती भुंगे नुसते बसलेले असतात, हे अर्जदाराला घरबसल्या कळत नाही. म्हणून तिला झोप लागत नाही. टायवाल्याने झोपेविषयी विचारले होते, त्यास हे उत्तर समजावे.

फलकाची मुदत बाकी असल्याने तो उतरविणे शक्य नसल्यास अर्जदाराची दुसरी विनंती आहे. अर्जदार तेथेच राहू द्यावी. हातही जोडलेलेच असू द्यावेत, या वयात आता ते सोडवायचे कोठे? फक्त रंगाऱ्यास वर चढवून ‘एकदा बसवा, मग विसरा’ हे खोडावे आणि त्या जागी ‘रोज बांधा’ एवढेच लिहावे. अक्षरे कमी असल्याने रंगही कमी लागेल. हात जोडून केलेली विनंती म्हणून ते चित्रास शोभेलही, आणि मग अर्जदाराला मान खाली न घालता चौकातून जाता येईल.

अर्जदाराच्या नेमाविषयी आपणांस काळजी वाटू नये. तिने देवापुढे बसून विचारले, आणि नकार आला नाही. तिने तो होकार धरला, आपल्याच कार्यालयाच्या पद्धतीने. मौन आता दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत सरकवले आहे. यजमानांनी त्याविरुद्ध तोंडी हरकत घेतली असून ती फेटाळण्यात आली आहे. सकाळ त्यामुळे मोकळी झाली आहे.

म्हणून हा अर्ज अर्जदार टपालाने पाठवीत नाही. उद्या खिडकी उघडताच ती स्वतः घेऊन येईल आणि, लिपिकांची दृष्टी अधू असल्याचे मागील वेळी दिसून आल्याने, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवील. पूर्ण होईतो खिडकी बंद होऊ नये.

आपली नम्र व आता सकाळीही बोलती,

(सही)
अर्जदार

दिनांक : चालू महिन्याची नऊ तारीख, मंगळवार.

सोबत :
फलकाचे छायाचित्र (यजमानांनी काढलेले. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला आहे, तो तक्रारीचा भाग नाही.)
मुक्या नागरिकांचा प्रवास सवलत पास, कोरा, परत.
मास्तरीणबाईंची साक्ष, ब्लाउजच्या मापाच्या कागदामागे लिहिलेली. मापे गुप्त ठेवावीत.